सत्कार वेगळा, पुरस्कार वेगळा

९ ऑक्टोबर २००९, शुक्रवार, दुपारचे अडीच वाजून गेले असतील. मी तेव्हा पुण्यात ऑफिसात होते, जेवण होऊन डोळे जड झालेले, खाली रस्त्यावर प्रचाराच्या रिक्षा फिरत होत्या कारण मंगळवारी १३ तारखेला विधानसभेचं मतदान होतं, आणि अचानक पलीकडच्या डेस्कवरून कुणीतरी ओरडलं की ओबामाला शांततेचं नोबेल मिळालं. मी अक्षरशः उठून उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी माझ्याकडे बघितलं, एकाने विचारलं "कशाबद्दल?" आणि मी म्हटलं "कशाबद्दल म्हणजे काय, ओबामा आहे तो!"

संध्याकाळी कराडहून बाबांचा फोन आला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, रिटायर होऊन तेव्हा चारपाच वर्षं झाली होती, सातच्या बातम्या झाल्या की फोन ठरलेला.

"ऐकलंस का?"

"हो ना बाबा, किती भारी झालं!"

"भारी काय त्यात? अगं पण त्याने केलं काय?"

मग आम्ही पाऊण तास भांडलो. म्हणजे मी भांडले, बाबा आपले शांतपणे तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिले. त्या भांडणाला आता इतकी वर्षं झाली, आणि आज मला मनापासून लिहायचंय की बाबा बरोबर होते आणि मी चुकले होते. पण मी का चुकले ते आधी सांगते, कारण त्या वेळी जगातली लाखो माणसं माझ्यासारखाच विचार करत होती, आणि ती काही वेडी नव्हती.

५ नोव्हेंबर २००८ ची सकाळ आठवा. आपल्याकडे साडेदहा-पावणेअकरा, तिकडे शिकागोत रात्र, ग्रँट पार्कमध्ये ती एवढी गर्दी, आणि तो उंच सडपातळ माणूस बायको आणि दोन मुलींचा हात धरून स्टेजवर येतो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. ज्या देशात या माणसाच्या जन्माच्या वेळी, १९६१ साली, दक्षिणेकडच्या कितीतरी गावांत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात बसून खाता येत नव्हतं, तिथे तो प्रेसिडेंट झाला. आम्ही सातारकडची माणसं, महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच जिल्ह्यातलं, आणि फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, तिथली गुलामी संपवण्यासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल. हे बाबांनी मला लहानपणी इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या सकाळी मला वाटलं फुले कुठूनतरी हे बघतायत. त्यात मागची आठ वर्षं बुश, २००३ चं इराक युद्ध, जी शस्त्रं आहेत म्हणून युद्ध केलं ती सापडलीच नाहीत, इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचा छळ केला त्याचे ते फोटो. आणि नंतर तीनच आठवड्यांनी आपल्याकडे २६/११. अशा वेळी एक माणूस येऊन शांत आवाजात बोलतो, बोलू या म्हणतो, ऐकून घेऊ म्हणतो. आशा वाटणारच हो. मला वाटली त्याची आजही लाज वाटत नाही.

आणि त्याने काहीच केलं नव्हतं असंही नाही, हे मी तेव्हाही बाबांना सांगितलं आणि आजही सांगेन. शपथ घेतल्यावर दोनच दिवसांत, २२ जानेवारीला, कैद्यांचा छळ करून चौकशी करायला बंदी घातली, क्युबातल्या अमेरिकी तळावरचा ग्वांतानामोचा तुरुंग वर्षात बंद करायचा आदेश काढला. ५ एप्रिलला प्रागमध्ये भर चौकात सांगितलं की अण्वस्त्रं नसलेलं जग हे आमचं उद्दिष्ट आहे, आणि त्यातच प्रामाणिकपणे हेही सांगितलं की कदाचित माझ्या हयातीत हे होणार नाही. ४ जूनला कैरोला जाऊन मुस्लिम जगाशी नव्याने सुरुवात करायची भाषा केली. २४ सप्टेंबरला युनोच्या सुरक्षा परिषदेच्या बैठकीत स्वतः अध्यक्षस्थानी बसून अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्याचा १८८७ क्रमांकाचा ठराव करून घेतला. नऊ महिन्यांत हे कमी नाही.

बाबा म्हणाले, "कबूल. पेरणी झालीय. बी पण चांगलं आहे. पण खळं कुठाय?"

मग त्यांनी मला ती सरपंचांची गोष्ट परत सांगितली. आमच्या गावाजवळच्याच एका गावात (नाव सांगत नाही) बाबा मुख्याध्यापक असताना एक तरुण, शिकलेला मुलगा सरपंच म्हणून निवडून आला. वर्षानुवर्षं एकाच घरात असलेलं सरपंचपद त्याने मोडून काढलं होतं, गावाला खरोखर आनंद झाला होता, गुलाल तीन दिवस उडत होता. शाल, श्रीफळ, हार, सगळं झालं, बाबांनीच त्या कार्यक्रमात भाषण केलं. आणि महिन्याभराने तिथल्या तरुण मंडळाने ठरवलं की २६ जानेवारीला याच सरपंचांना 'आदर्श सरपंच' पुरस्कार द्यायचा आणि तोही गुरुजींच्या हस्ते. बाबांनी नकार दिला. मंडळाची पोरं चिडली, म्हणाली गुरुजी तुम्हीच तर सत्काराला एवढं कौतुक केलंत. तेव्हा बाबा म्हणाले, अरे सत्कार वेगळा आणि पुरस्कार वेगळा. तो निवडून आला याचा आनंद म्हणून सत्कार, तो मी दहा वेळा करीन. पण पुरस्कार कामाचा असतो, नळाला पाणी आलं, शाळेचं छप्पर झालं, की मला बोलवा, मी पायी येईन. आणि वर म्हणाले, आज तुम्ही त्याला आदर्श म्हणालात तर उद्या तो चुकला की त्याला सांगणार कोण?

तेव्हा फोनवर मला ती गोष्ट फार गावठी वाटली होती, कुठे ते गाव आणि कुठे ओस्लो. आता वाटतं की नोबेल समितीच्या पाच जणांना त्या खोलीत कुणीतरी असं सांगणारं हवं होतं.

आता जरा या बक्षिसाच्या कामकाजाविषयी, कारण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. शांततेचं नोबेल स्वीडनमधून दिलं जात नाही, नॉर्वेतून दिलं जातं, आणि देणारे पाच जण नॉर्वेच्या संसदेने निवडलेले असतात. त्या वर्षी नामांकनाची शेवटची तारीख होती १ फेब्रुवारी. ओबामा प्रेसिडेंट झाले २० जानेवारीला. म्हणजे ज्याने कुणी त्यांचं नाव पाठवलं असेल त्याच्या हातात जास्तीत जास्त बारा दिवसांचं काम होतं. बरं, समिती निर्णय घेते ऑक्टोबरपर्यंत, त्यामुळे मधले महिनेही त्यांनी बघितले असणार हे मान्य. पण खुद्द आल्फ्रेड नोबेलने १८९५ च्या मृत्युपत्रात काय लिहून ठेवलंय? की मागच्या वर्षात ज्याने राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढवण्यासाठी, उभी सैन्यं मोडीत काढण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी आणि शांतता परिषदा भरवण्यासाठी सगळ्यात जास्त किंवा सगळ्यात चांगलं काम केलं त्याला हे द्यावं. केलं असेल त्याला. करील अशी आशा आहे त्याला नाही. आणि सैन्य कमी करण्याबद्दल इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना जगातल्या सगळ्यात मोठ्या युद्धयंत्रणेच्या प्रमुखाला, ज्याच्या देशाची त्या दिवशी इराक आणि अफगाणिस्तान अशी दोन युद्धं चालू होती!

समितीचे अध्यक्ष थोरब्यर्न यागलांड यांचं म्हणणं असं होतं की आम्ही पूर्वीही चाललेल्या कामाला बळ देण्यासाठी बक्षीस दिलंय, १९७१ ला पश्चिम जर्मनीचे प्रमुख विली ब्रांट यांना दिलं, १९९० ला सोव्हिएत रशियाच्या गोर्बाचोव्हना दिलं. पण ब्रांट १९७० सालीच मॉस्को आणि वॉर्सा दोन्हीकडे जाऊन करार करून आले होते, वॉर्सात नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले होते. गोर्बाचोव्हना मिळालं तोपर्यंत बर्लिनची भिंत पडून वर्ष होत आलं होतं, अफगाणिस्तानातून रशियन फौज परत गेली होती. ही उदाहरणं ओबामांच्या बाजूची नाहीतच, उलट त्यांच्याकडे बघितलं की फरकच दिसतो. पोलंडच्या कामगार चळवळीचे नेते लेक वावेन्सांना पत्रकारांनी विचारलं तेव्हा तो माणूस पटकन म्हणून गेला की इतक्या लवकर, त्याला अजून काही करायला वेळच कुठे मिळालाय. वावेन्सा हे १९८३ चे मानकरी. ते स्वतः बक्षीस घ्यायला जाऊ शकले नव्हते, सरकार परत देशात घेणार नाही या भीतीने, बायकोला पाठवलं होतं. त्यांना या बक्षिसाची किंमत माहीत होती.

हे सगळ्यात आधी कुणाला कळलं असेल तर ते ओबामांनाच, आणि यासाठी माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर अजून टिकून आहे. पहाटे सहाच्या आधी त्यांना झोपेतून उठवून बातमी सांगितली, मग मुलगी मालिया येऊन म्हणाली की बाबा तुम्हाला नोबेल मिळालं आणि आज बो चा वाढदिवस पण आहे (बो म्हणजे त्यांचा कुत्रा), आणि धाकटी साशा म्हणाली की शिवाय तीन दिवसांची सुट्टी येतेय. हे त्यांनी स्वतः व्हाइट हाउसच्या बागेत उभं राहून सांगितलं आणि पुढे हेही सांगितलं की ज्या थोर माणसांना हे मिळालं त्यांच्या पंगतीत बसायची माझी पात्रता आहे असं मला वाटत नाही. पैसेही ठेवले नाहीत, एक कोटी स्वीडिश क्रोनर, जवळपास १४ लाख डॉलर, सगळे दहा संस्थांना वाटून टाकले.

पण घेतलं. मला आज वाटतं त्यांनी विनम्रपणे सांगायला हवं होतं की आत्ता नको, आठ वर्षांनी विचारा. अवघड होतं, यजमानांचा अपमान झाला असता, सगळं खरं. पण ते शब्द इतिहासात राहिले असते.

१ डिसेंबर २००९ ला ओबामांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जाहीर केलं की अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवणार. १० डिसेंबरला ओस्लोत बक्षीस घेतलं. मध्ये नऊ दिवस. मी ते ओस्लोचं भाषण त्या रात्री इंटरनेटवर पूर्ण ऐकलं, दुसऱ्या दिवशी परत वाचून काढलं. भाषण खोटं नव्हतं. त्यांनी लपवलं नाही, सुरुवातीलाच म्हणाले की मी दोन युद्धं चालू असलेल्या देशाचा सरसेनापती आहे, श्वाइट्झर, किंग, मार्शल, मंडेला या आधीच्या मानकऱ्यांपुढे माझं काम किरकोळ आहे. आणि मग ते गांधी आणि मार्टिन ल्युथर किंग यांच्याकडे वळले, म्हणाले त्यांच्या मार्गात दुबळं काहीच नाही, भोळं काही नाही, पण मी देशाचा प्रमुख आहे, मला एकट्या त्यांच्या उदाहरणावर चालता येणार नाही, अहिंसेच्या चळवळीने हिटलरच्या फौजा थांबल्या नसत्या. राज्यकर्ता म्हणून त्यांचं म्हणणं मला समजतं. कुठल्याही देशाचा प्रमुख हेच म्हणेल. पण मग तोच मुद्दा आहे ना! युद्ध कधी योग्य असतं हे समजावून सांगायला शांततेच्या बक्षिसाचं व्यासपीठ वापरावं लागलं, कारण ते व्यासपीठ त्या माणसाला बसतच नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा मला बाबांचा प्रश्न टोचायला लागला.

आणि गांधी. हे मला आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम सांगायचंय कारण "गांधींना नोबेल मिळालं नाही" एवढंच आपण ऐकून असतो. गांधीजींचं नाव १९३७, ३८, ३९, मग १९४७ आणि शेवटी १९४८ असं पाच वेळा गेलं. १९४७ ला भारतातून ज्यांनी नाव सुचवलं त्यात गोविंद वल्लभ पंतांबरोबर आपले दोघे होते, मुंबई प्रांताचे प्रधानमंत्री बाळासाहेब खेर, जन्म रत्नागिरीचा, आणि दादासाहेब मावळंकर, पुढे पहिल्या लोकसभेचे सभापती झाले ते, त्यांचं मूळ गावही रत्नागिरी जिल्ह्यातलं मावळंगे. त्या वर्षी समितीतल्या पाचपैकी दोघे गांधींच्या बाजूचे होते. बाकीचे तिघे कचरले. का? एक कारण फाळणीनंतरचा भारत-पाकिस्तान संघर्ष चालू होता, आणि दुसरं, सप्टेंबरमध्ये प्रार्थनासभेत गांधीजी असं बोलल्याची बातमी आली होती की पाकिस्तानकडून न्याय मिळवायचा दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही तर भारत सरकारला युद्ध करावं लागेल. बातमी अर्धवट आहे असं गांधीजींनी सांगितलं, आपण स्वतः मात्र युद्धाच्या विरोधातच आहोत हेही सांगितलं, पण समितीच्या मनात शंका राहिली. बक्षीस क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या संस्थांना गेलं. (त्यांचं काम मोठं होतं, त्याबद्दल तक्रार नाही.) पुढच्या वर्षी परत नाव गेलं, आणि नामांकनाची मुदत संपायला दोन दिवस असताना, ३० जानेवारीला, बिर्ला हाउसच्या बागेत तीन गोळ्या. १९४८ चं बक्षीस कुणालाच दिलं नाही, योग्य असा हयात उमेदवार नाही असं कारण दिलं.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. १९४७ ला, ज्याच्या हातात साधी काठी होती त्या ७८ वर्षांच्या म्हाताऱ्याच्या तोंडचं युद्धाविषयीचं एक वाक्य समितीला खटकलं. २००९ ला दोन युद्धं चालवणारा सेनाप्रमुख खटकला नाही. यात ओबामांचा काय दोष? काहीच नाही. ८ सप्टेंबर २००९ ला व्हर्जिनियातल्या एका शाळेत मुलांनी त्यांना विचारलं होतं की जिवंत किंवा मृत कुणाबरोबर जेवायला आवडेल, तर ते म्हणाले गांधींबरोबर. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत आले ते आधी ताजला २६/११ च्या मृतांना आदरांजली वाहून तिथून थेट मणिभवनला गेले. माणूस मनापासून गांधींना मानत होता असं माझं मत आहे. चुकले ते देणारे.

मग पुढच्या आठ वर्षांत काय झालं? चांगलं झालं ते आधी. ८ एप्रिल २०१० ला प्रागलाच रशियाच्या मेदवेदेव यांच्याबरोबर 'न्यू स्टार्ट' करार केला, दोघांनी तैनात लांब पल्ल्याची अण्वस्त्रं प्रत्येकी १,५५० वर आणायची. क्युबाशी पन्नास वर्षांचं भांडण मिटवायला घेतलं. जुलै २०१५ ला इराणबरोबर अणुकरार झाला, त्यात अमेरिका, युरोप, रशिया, चीन सगळे एका टेबलावर बसले. २०१६ ला पदावर असताना हिरोशिमाला गेलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. हे बक्षीस २०१५ ला इराण करारावर मिळालं असतं तर मी साताऱ्याचे कंदी पेढे वाटले असते आणि बाबांनी त्यातला पहिला उचलला असता.

पण त्याच आठ वर्षांत ग्वांतानामो बंद झालं नाही, ते पद सोडून गेले तेव्हा तिथे ४१ कैदी होते. त्यांच्या काळातला पहिला ड्रोन हल्ला पाकिस्तानातल्या वझिरिस्तानात झाला तो २३ जानेवारी २००९ ला, शपथ घेऊन तीनच दिवस झाले होते. त्यांच्याच सरकारने नंतर जाहीर केलेला आकडा असा की २००९ ते २०१५ अखेर, प्रत्यक्ष युद्धक्षेत्राबाहेर, ४७३ हल्ले केले आणि त्यात ६४ ते ११६ निरपराध माणसं मेली. स्वतंत्रपणे मोजणाऱ्या संस्थांचे आकडे याच्या कितीतरी वर आहेत. लिबियात बॉम्ब टाकले आणि त्या देशाचं पुढे काय झालं ते आपण बघतोय.

आणि ३ ऑक्टोबर २०१५, कुंदुझ. हे मी विसरू शकत नाही. अफगाणिस्तानातल्या कुंदुझ शहरात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेचं हॉस्पिटल होतं. रात्री दोननंतर अमेरिकेच्या विमानाने त्या हॉस्पिटलवर गोळ्यांचा भडिमार सुरू केला, अर्धा तासाच्या वर चालू होता, हॉस्पिटलवाले फोन करून सांगत होते की आम्ही आहोत, थांबवा. ४२ माणसं गेली, पेशंट, डॉक्टर, नर्स, पेशंटजवळ बसलेले नातेवाईक. या संस्थेला १९९९ चं शांततेचं नोबेल मिळालेलं आहे. म्हणजे एका नोबेल मानकऱ्याच्या हाताखालच्या फौजेने दुसऱ्या नोबेल मानकऱ्याचं हॉस्पिटल जाळलं. ओबामांनी त्या संस्थेच्या प्रमुखांना फोन करून माफी मागितली, मुद्दाम केलं असं कुणी सिद्ध केलेलं नाही, सगळं मान्य. पण त्या दिवशी मी बाबांना स्वतः फोन केला आणि म्हटलं, बाबा तुमचं बरोबर होतं. ते काही बोलले नाहीत. जिंकल्याचा आनंद असा त्यांच्या आवाजात नव्हताच.

आता कुणी म्हणेल की नवीन नेत्याला द्यायचंच नाही का? तसं नाही. कोस्टा रिकाचे ऑस्कर आरियास मे १९८६ ला अध्यक्ष झाले, ऑगस्ट १९८७ ला मध्य अमेरिकेतल्या पाच देशांच्या प्रमुखांना एका शांतता करारावर सह्या करायला लावल्या, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं. नवीनच होते ना? पण हातात कागद होता, त्यावर पाच सह्या होत्या, आणि बाय द वे कोस्टा रिकाला सैन्यच नाही. नवेपणा हा दोष नाहीच. आणि जिमी कार्टर बघा, १९७८ ला कॅम्प डेव्हिडला इजिप्त-इस्रायल समझोता घडवला, बक्षीस सादात आणि बेगिन यांना मिळालं, कार्टरना नाही. मग पद गेल्यावर वीस वर्षं देशोदेशी निवडणुकांवर देखरेख, भांडणं मिटवणं, आफ्रिकेतला नारू निपटून काढायची मोहीम, आणि २००२ ला नोबेल. कुणी विचारलं नाही की याने केलं काय.

पण करार झालेला असला म्हणजे सगळं ठीक असंही म्हणवत नाही, आणि इथे माझं मलाच पुरतं उत्तर सापडत नाही. इथिओपियाचे अबी अहमद एप्रिल २०१८ ला पंतप्रधान झाले, जुलैमध्ये एरिट्रियाशी वीस वर्षांचं वैर संपवणारा करार केला, २०१९ ला नोबेल. आणि नोव्हेंबर २०२० ला त्यांच्याच देशात टिग्रे प्रांतातलं युद्ध सुरू, इतकं भयंकर की जानेवारी २०२२ ला नोबेल समितीला जाहीरपणे सांगावं लागलं की नोबेल मानकरी म्हणून हे थांबवायची तुमच्यावर विशेष जबाबदारी आहे. आदर्श सरपंच म्हणून मोकळे झालो की नंतर सांगणं किती अवघड होतं ते बघा.

मला वाटतं प्रश्न नवीन-जुन्याचा नाही, ज्याच्या हातात आधीच सत्ता आहे त्याला हे बक्षीस कशाला लागतं हा आहे. सत्तेवरच्या माणसाला तो आणखी एक हार. पण सत्तेपुढे उभ्या असलेल्या माणसासाठी ती ढाल असते. जर्मन पत्रकार कार्ल फॉन ओसिएट्स्की हिटलरच्या छळछावणीत खंगून पोलिसांच्या पहाऱ्यात हॉस्पिटलात होता तेव्हा त्याला दिलं. लोकशाही मागणारा लेखक लिऊ शाओबो चीनच्या तुरुंगात होता, २०१० ला ओस्लोत त्याची रिकामी खुर्ची मांडली होती. ढाल दरवेळी वाचवते असं नाही, हे दोघेही कैदेतून खऱ्या अर्थाने सुटले नाहीत, पण जगाने त्यांचं नाव तरी घेतलं.

२००९ ला ज्यांच्या नावांची चर्चा होती त्यात अफगाणिस्तानच्या डॉक्टर सीमा समर होत्या, तालिबानच्या काळात बायकांसाठी दवाखाने आणि मुलींच्या शाळा चालवलेल्या, नंतर तिथल्या मानवाधिकार आयोगाच्या प्रमुख. ज्या देशात ३०,००० सैनिक जाणार होते त्याच देशातली ही बाई. ते बक्षीस तिच्याकडे गेलं असतं तर काबूलमधल्या शाळेत जाणाऱ्या मुलींना काय वाटलं असतं याचा मी पुष्कळदा विचार करते, विशेषतः २०२१ नंतर.

आणि या बक्षिसाचं स्वतःचं नुकसान झालं ते वेगळंच. त्या काळात समितीचे सचिव असलेले गेअर लुंडेस्टाड यांनी पुढे आठवणींमध्ये लिहिलं की या बक्षिसातून समितीला जे हवं होतं ते साधलं नाही. आज डोनाल्ड ट्रम्प उघड म्हणतात की ओबामाला काही न करता मिळालं, मग मला का नाही. मागून घ्यायची गोष्ट झाली ही! ट्रम्प यांचं बाकी कुठलंही म्हणणं मला पटत नाही, पण त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खोडून काढायला माझ्याकडे शब्द नसतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण ९ ऑक्टोबरला टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते.

२००९ च्या चर्चेतलं आणखी एक नाव काँगोच्या डॉ. डेनिस मुकवेगे यांचं होतं. बुकावू शहरात पांझी हॉस्पिटल आहे, युद्धात बलात्कार झालेल्या हजारो बायकांवर तिथे ते ऑपरेशन करत आले, १९९९ पासून. ऑक्टोबर २०१२ ला त्यांच्या घरात शिरून त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांचा सोबती मारला गेला, ते कुटुंबाला घेऊन देश सोडून गेले. तेव्हा तिथल्या बायकांनी, ज्यांच्याकडे स्वतःचं खायला धड नाही अशा बायकांनी, त्यांच्या परतीच्या विमानाच्या तिकिटासाठी बाजारात माल विकून पैसे जमवायला सुरुवात केली. आणि ते जानेवारी २०१३ ला खरंच परत आले. बायकांचे लोंढे रस्त्यावर उभे होते स्वागताला. त्यांना नोबेल मिळालं ५ ऑक्टोबर २०१८ ला, इराकच्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्याबरोबर, आणि बातमी आली तेव्हा ते ऑपरेशन थिएटरमध्ये होते, बाहेर लोकांच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा त्यांना कळलं.

त्या संध्याकाळी सातच्या बातम्या व्हायच्या आधीच मी कराडला फोन लावला आणि हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांना हे नाव माहीत नव्हतं. मी सांगत होते आणि ते नुसतं हं हं करत होते, मग तिकिटाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"काय विकून म्हणालीस?"

"कांदे, बाबा. कांदे आणि अननस."